बालकल्याणाला वकिलाची जोड हवी

वैजापूर तालुक्यातील रोटेगाव स्थानकावर एखादे एकटे मूल सापडले, तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. कायद्याची ही तत्परता योग्यच होय. परंतु समिती बसते ती छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे वैजापूरपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर. आईबाप ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात असले, तर त्यांना वार्ता कळेपर्यंतच दिवस उलटतात. ज्या समितीपुढे त्यांनी उभे राहावयाचे, तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, याची तर त्यांना कल्पनाही नसते.

२०१५ च्या बालन्याय अधिनियमाचा हेतू उदात्त आहे. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, संस्था हा अखेरचा उपाय आणि प्रत्येकाला निष्पक्ष सुनावणीचा हक्क, ही तत्त्वे त्यात स्पष्ट शब्दांत नमूद आहेत. तथापि, ज्याला आपले म्हणणे मांडता येत नाही, त्याला सुनावणीचा हक्क असून उपयोग काय? चौकशी अहवालातील दारिद्र्याचे वर्णन हेळसांडीचा पुरावा ठरू नये, यासाठी कोणीतरी बोलावयास हवे. घरची ओढगस्त हेच कारण असेल, तर उपाय बालसंगोपन योजनेचे दरमहा २,२५० रुपये हा आहे. बालगृहाचा दरवाजा हा नव्हे. शिवाय काळ थांबत नाही. पालकांचा शोध लागला नाही, तर टाकून दिलेले म्हणून दोन वर्षांपर्यंतचे मूल दोन महिन्यांत, त्याहून मोठे चार महिन्यांत दत्तकासाठी मुक्त घोषित होऊ शकते. समितीच्या आदेशावर अपिलाची मुदतही अवघी ३० दिवसांची आहे.

मुलांना वकील मिळावा, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील मुलांच्या साहाय्यासाठी दर आठवड्यास दोन वकील पाठविण्याचा निर्देश दिला होता. पुढे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने महिला व बालकांना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी साहाय्याचा हक्क दिला. उणीव कायद्याची नाही. तो हक्क योग्य घटकेस हाती पडण्याची आहे.

वकील आले की विलंब होतो, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु चुकीच्या आदेशाने मूल घरापासून तुटणे, हा विलंबाहून मोठा अनर्थ आहे. उलट, घरातच मुलाचा छळ होत असेल, तर त्याची बाजू आईबापांहून वेगळी असते. म्हणून मुलाचा वकील निराळा आणि कुटुंबाचा निराळा असावा.

मूल समितीपुढे येईल त्याच दिवशी तालुका विधी सेवा समितीस सूचना जावी आणि तिच्या वकिलाने पालकांना वैजापुरातच गाठावे. अन्यथा ज्यांचे मूल आहे, तेच त्याच्याविषयीच्या निर्णयात परके ठरतील.