प्रत्येक सड्याचा हिशेब वेगळा

विशाळगडावर सापडलेल्या एका कंदीलपुष्पाची २०२३ मध्ये ‘सेरोपेजिया शिवरायीना’ या नावाने नवी प्रजाती म्हणून नोंद झाली. शोध लावणाऱ्यांत कोल्हापूरच्या न्यू कॉलेजचे संशोधक होते; शिवाजी विद्यापीठात या वनस्पतींचा ध्यास घेतलेले डॉ. श्रीरंग यादवही होते. नाव शिवछत्रपतींचे, त्यामुळे कौतुक भरपूर झाले. मात्र शतकानुशतके माणसांचा राबता असलेल्या गडावर अशी आगळी वनस्पती घडते कशी, हा प्रश्न त्या कौतुकात मागे पडला.

उत्तर भूगोलात आहे. वारणा, कासारी, कुंभी, भोगावती यांच्या खोऱ्यांनी सह्याद्रीचा माथा तुकड्या-तुकड्यांत विभागला आहे. कंदीलपुष्पाच्या बियांना रेशमी झुपका असतो, त्या वाऱ्यावर उडतातही. पण उडून भागत नाही. पडतील तिथे तशीच माती, तशीच उंची हवी आणि फुलाच्या नळीत अडकून परागण करणाऱ्या चिमुकल्या माश्याही हव्यात. हे जुळले नाही तर दोन डोंगरांवरच्या झाडांचा संकर थांबतो, आणि पिढ्यानपिढ्या ती आपापल्या वाटेने बदलत जातात. उत्तर सह्याद्रीतल्या हरिश्चंद्रगड परिसरात म्हणूनच सेरोपेजियाची निराळी जात, ‘लॉई’, भेटते.

समुद्रातही हेच घडते. बहुतेक समुद्रशैवालांचे बीजाणू फार दूर जात नाहीत. बाकीच्या खंडांपासून दीर्घकाळ तुटलेल्या दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर लाल शैवालांच्या कितीतरी जाती अशा आहेत, ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

सह्याद्रीचा प्रत्येक सडा, म्हणजे माथ्यावरचे उघडे खडकाळ पठार, असाच वेगळा असतो. आपले नियोजन मात्र सगळे सडे एकाच मापाने मोजते. सरकारी दप्तरात जांभ्याचा उघडा सडा म्हणजे पडीक जमीन. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांनी बॉक्साइटच्या खाणी पाहिल्या आहेत. इथले नुकसान तिथे झाडे लावून भरून काढू, हे आश्वासन सड्यावर लागूच पडत नाही. मुळात उघड्या सड्यावर झाडे लावणे हेच तिथल्या गवताफुलांच्या मुळावर येते.

राधानगरी अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या सड्यांचे काय? कंदीलपुष्प वर्षातला बराच काळ कंदाच्या रूपात जमिनीखाली दडलेले असते, त्यामुळे मे महिन्यात पाहणी करणाऱ्याला तिथे काहीच दिसणार नाही. तेव्हा खाण असो, रस्ता असो वा रिसॉर्ट, त्या-त्या सड्याची भर पावसाळ्यात वनस्पतिशास्त्रज्ञांकडून पाहणी झाल्याशिवाय जिल्हा प्रशासनाने कोणतीही परवानगी पुढे सरकवू नये.