आवक क्रमांक नसलेली दखल

गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि त्याची शिष्यवृत्ती दीड वर्षापासून रखडली होती. त्याने आपल्या भागातील लोकप्रतिनिधीच्या फेसबुक पानावर आपली कैफियत मांडली होती. अवघ्या दोन तासांत उत्तर आले होते : 'आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे. जय भीम.' सोबत जोडलेल्या हातांचे चिन्ह. त्या उत्तराला शेकडो लोकांची पसंती मिळाली, परंतु पुढील चार महिन्यांत काहीही घडले नाही. त्याने पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा त्या पानावरून त्यालाच 'ब्लॉक' करण्यात आले.

"सर, दखल तर घेतली होती ना?" तो म्हणाला.

"आवक क्रमांक काय मिळाला?" मी विचारले. तो हसला. माझा प्रश्न त्याला जुन्या जमान्यातला वाटला असावा.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला कागदाचे महत्त्व काकणभर अधिक वाटते, हे मी मान्य करतो. परंतु कार्यालयातील आवक-नोंदवही ही क्षुल्लक वस्तू नव्हे. तिच्यात अर्जाची नोंद झाली की तो अर्ज राज्यसंस्थेच्या स्मृतीत प्रवेश करतो. कोणत्या तारखेला आला, कोणाच्या टेबलावर गेला, किती दिवस पडून राहिला, हे पुढे कोणालाही विचारता येते. समाजमाध्यमावरील 'दखल' मात्र ज्याने घेतली त्याच्याच मर्जीवर जगते. ती त्याला केव्हाही पुसता येते, आणि प्रश्न विचारणाऱ्यालाही.

याचा अर्थ या माध्यमाने कोणाचे भलेच झाले नाही, असे नाही. २०१४ ते २०१९ या काळात परराष्ट्रमंत्री असलेल्या सुषमा स्वराज यांनी ट्विटरवर आलेल्या हाका ऐकून परदेशात अडकलेल्या, पारपत्र हरवलेल्या अनेकांना मदत मिळवून दिली. आपल्या कोकणचे सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना धावत्या गाडीतील प्रवाशाने ट्विट करावे आणि पुढल्या स्थानकावर बाळासाठी दूध किंवा रुग्णासाठी डॉक्टर हजर व्हावा, अशा घटना वृत्तपत्रांनी छापल्या. त्या खऱ्याच होत्या. मात्र तेथे मंत्र्यांच्या खात्यामागे ती तक्रार संबंधित विभागाच्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचविणारी माणसे नेमलेली होती. पुढे मंत्री बदलले तरी १३९ हा क्रमांक आणि 'रेलमदद' ही व्यवस्था उरली. तेथे तक्रार केली की संदर्भ क्रमांक मिळतो. म्हणजे अखेरीस गाडी आवक क्रमांकापाशीच आली!

आपल्या गावांत आणि तालुक्यांत जे चालते ते याहून निराळे आहे. लोकप्रतिनिधीचे पान बहुधा पगारी तरुण चालवितो. साहेबांचा वाढदिवस, सभामंडपाचे भूमिपूजन, लग्नातील उपस्थिती, फीत कापतानाची चित्रफीत. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे छायाचित्र येते, त्याच्या दुप्पट आकाराचे साहेबांचे. खाली शेकडो 'जय भीम'. त्यांत एखादी बाई पाण्याच्या टाकीविषयी विचारते. तिच्या प्रश्नाखाली तिच्याच गावचे चार तरुण तिला गप्प बसवितात. साहेबांना तसे सांगावेही लागत नाही. मला सर्वांत जास्त बोचते ते हे. त्या चौघांपैकी एखादा आपल्याच वसतिगृहात वाढलेला असू शकतो.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले. ज्यांना बोलता येत नव्हते, किंबहुना ज्यांचे बोलणे कोणी ऐकत नव्हते, त्यांचे म्हणणे राज्यकर्त्यांपर्यंत आणि समाजापर्यंत नेणे हा त्यामागील हेतू होता. वाणी खालून वर जावी, अशी ती दिशा. आज आपल्या हातातील दूरध्वनीवर ती बहुतांशी वरून खाली येते, आणि आपण अंगठा उंचावून तिचे स्वागत करतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविषयी इशारा दिला होता. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, परंतु राजकारणात विभूतिपूजा अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय होता. आपण तो दरवर्षी व्याख्यानांतून ऐकतो आणि घरी जाताना साहेबांची चित्रफीत पुढे पाठवितो.

'ब्लॉक' करण्याचा प्रश्न तर अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी टीका करणाऱ्यांना आपल्या ट्विटर खात्यावरून दूर केले, तेव्हा न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०१८ मध्ये ते घटनाबाह्य ठरविले. पदावरून गेल्यावर तो खटला निकाली निघाला, ही गोष्ट वेगळी. परंतु सत्ताधाऱ्याचे पान ही त्याची खाजगी ओसरी नव्हे, हा विचार तेथे मांडला गेला. आपल्याकडे दूर सारलेला मतदार खाली मान घालून दुसरे पान उघडतो.

येथे पालकांशी थोडे स्पष्ट बोलतो. संविधानाच्या २४३-अ या अनुच्छेदाने ग्रामसभेला स्थान दिले आहे. १ मे, १५ ऑगस्ट अशा दिवशी ती आपल्या गावात भरते, किंवा भरली असे कागदोपत्री दाखविले जाते. तेथे विचारलेला प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या, असा आग्रह धरता येतो. आपल्यापैकी किती जण तेथे जातात? मी स्वतः गेल्या दोन वर्षांत एकदाच गेलो. सरपंचांच्या व्हॉट्सअॅप गटात मात्र रोज असतो.

त्या विद्यार्थ्याला मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहावयास बसविले. कायदा २००५ चा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत. सुरुवातीला त्याने अर्जात 'कृपया मदत करावी' असे लिहिले होते. ते मी खोडावयास लावले आणि 'माहिती पुरविण्यात यावी' असे लिहवून घेतले. सव्विसाव्या दिवशी उत्तर आले : त्याचा अर्ज महाविद्यालयानेच पुढे पाठविलेला नव्हता. पुढील दीड महिन्यात रक्कम खात्यात जमा झाली.

परवा त्याने व्हॉट्सअॅपवर मला एक छायाचित्र पाठविले. त्याच्या धाकट्या बहिणीने वसतिगृह प्रवेशासाठी केलेल्या अर्जाची ती पोच होती. गोल शिक्का, तारीख, आणि निळ्या शाईत आवक क्रमांक. खाली त्याने लिहिले होते, "सर, क्रमांक घेतला."