पोरीला "सोसून घे" म्हणू नका



कोरडवाहू रानात कापूस-ज्वारीवर घर भागत नाही, म्हणून आपली पोरे-पोरी कारखान्यात जातात. तिथून फोन येतो, जेवण खराब आहे, खोलीत दाटी आहे. आपण काय सांगतो? "सोसून घे, नोकरी जाईल."

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनचा आयफोन जोडण्याचा कारखाना आहे. तिथे कामाला हजारो तरुण मुली, बऱ्याच खेड्यांतल्या. राहायला वसतिगृहे. २०२१ मध्ये एकेका खोलीत सहा ते तीस जणी असत, जमिनीवर झोपत, काही ठिकाणी संडासाला पाणी नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये एका वसतिगृहात जेवण बाधले आणि १५९ मुली दवाखान्यात गेल्या. आमच्या मैत्रिणी कुठे आहेत, असे बाकीच्या विचारू लागल्या. धड उत्तर मिळेना. मोबाइलवर निरोप फिरू लागले. काही जणी दगावल्याचेही त्यात आले. ते खोटे निघाले. पण अफवा पिकते कुठे? जिथे खरे सांगायला कोणी पुढे येत नाही तिथे.

१७ डिसेंबरच्या रात्री मुली चेन्नई-बंगळूर महामार्गावर बसल्या. पोलिसांनी ६७ जणींना आणि एका पत्रकाराला ताब्यात घेतले. पण कारखाना बंद पडला. महिना संपायच्या आत खुद्द अॅपल कंपनीला कबूल करावे लागले की काही वसतिगृहे आणि जेवणघरे आपल्या नियमांत बसत नाहीत. कारखाना उघडला तो १२ जानेवारी २०२२ ला.

खोल्यांतली दाटी काही त्या आठवड्यात झाली नव्हती. जोवर प्रत्येक जण आपापल्या घरी फोनवर रडत होती, तोवर कोणी ऐकले नाही. आपल्याला हे नवे नाही. वजनातल्या कटतीवरून एकटा शेतकरी भांडला तर व्यापारी हसतो. सगळ्यांनी लिलाव बंद पाडला की तोच व्यापारी बोलायला येतो.

कामगार म्हणजे पगारवाढ मागणारा सुखी माणूस, असे आपण पुष्कळदा बोललो. कंत्राटावरची ही मुलगी तशी नाही. ती आपल्याच घरातली आहे.

बैठकीहून घरी गेलात की पोरीला फोन करा. जेवण कसे, खोलीत किती जणी, पगाराची चिठ्ठी मिळते का, हे विचारा. आणि सांगा, एकटी भांडू नकोस. दहा जणी मिळून लेखी द्या. खरे असेल तेवढेच पुढे पाठवा. मागे आम्ही आहोत.