‘भरा’चे बटण आहे, ‘कशाचे?’ विचारायचे बटण कुठे आहे?

कोहमाऱ्याच्या चौकात मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गाला गोंदियाचा रस्ता येऊन मिळतो. सडक अर्जुनी तालुक्यातला माणूस जास्त आजारी पडला की त्याच्यापुढे दोनच दिशा असतात, गोंदिया नाहीतर नागपूर. म्हणून हा चौक आमच्यासाठी नुसता बसथांबा नाही. कुणाच्या घरात काय दुखणे आले आणि कोणी काय विकले, हे इथे उभे राहिले की कळते.

धान कापणीच्या दिवसांत इथल्याच एका ऑनलाइन सेवा केंद्रात एक मावशी बसली होती. तिच्या मुलाला सिकलसेल आहे. दुखण्याचा झटका आला म्हणून त्याला नागपूरच्या एका खाजगी रुग्णालयात नेले. तीन दिवस ठेवले. दाखल करताना १०,००० रुपये रोख भरले होते. घरी आल्यावर शेजारच्या पोराच्या मोबाईलवर संदेश आला की बिलाचे ८,४०० रुपये बाकी आहेत, खालील लिंकवर भरा. मावशीने बचत गटातून कर्ज उचलले आणि केंद्रात आली. केंद्रवाल्याने लिंक उघडली. रुग्णाचे नाव, बाकी रक्कम आणि खाली हिरवे बटण. पैसे भरून देण्याचे त्याचे १०० रुपये वेगळे.

मावशीने आम्हाला एकच प्रश्न विचारला, “हे कायचे पैसे आहेत, बाबू?”

आम्ही शिकलेले. आमच्यात दोघे पदवीधर. पण त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते आणि त्या स्क्रीनवरही नव्हते. औषधाचे किती, खाटेचे किती, तपासणीचे किती, काही नाही. आधी भरलेले १०,००० कुठे गेले, तेही नाही. मावशीच्या प्लास्टिकच्या पिशवीत पिवळे रेशनकार्ड होते आणि आयुष्मान कार्डही होते. ते कार्ड तीन दिवसांत एकाही माणसाने मागितले नव्हते.

या लेखात आम्हाला एवढेच मांडायचे आहे: पैसे भरणे सोपे करणे म्हणजे उपचार सोपे करणे नव्हे. पैसे घ्यायचा रस्ता महामार्गासारखा रुंद झाला, पण हिशेब विचारायचा रस्ता अजून बांधीच्या धुऱ्यासारखाच आहे.

ऑनलाइनच्या बाजूने जे खरे आहे ते आधी

आमचेच काही मित्र म्हणतील की तुम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात आहात. नाही. बाबासाहेबांनी यंत्राला विरोध केला नाही. ते कुणाच्या हितासाठी चालते, हे विचारले. आम्हीही तेच विचारतो.

ऑनलाइनचा फायदा आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. खिडकीवरचा बाबू आडनाव वाचतो आणि त्याची नजर बदलते. मोबाईलची नजर बदलत नाही. रोख पैसे घेऊन पावती न देणे, ‘सुट्टे नाहीत’ म्हणून वरचे ठेवून घेणे, रांगेत मागे ढकलणे हे आमच्या आईबापांनी सोसले आहे. ऑनलाइन भरले की तारीख राहते, व्यवहार क्रमांक राहतो, पुरावा राहतो. ज्यांचे शब्द कधीच पुराव्यात धरले गेले नाहीत, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

सरकारनेही हा रस्ता धरून दहा वर्षे झाली. रुग्णालयाची वेळ घेणे, शुल्क भरणे, तपासणीचा अहवाल पाहणे यासाठी ओआरएस हे पोर्टल जुलै २०१५ मध्ये आले. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि १४ अंकी आभा क्रमांक आला. हे सगळे होऊ द्या. पण दाराला काच लावली म्हणून दार उघडले असे होत नाही.

दोन रुपयांची गोष्ट

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी काठियावाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत दिली आहे. ती त्याच्या पत्राच्या रूपाने डिसेंबर १९२९ मध्ये ‘यंग इंडिया’त छापून आली होती. बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा तो आला, तोही वस्तीबाहेर तपासण्याच्या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने शिक्षकाच्या हाती, शिक्षकाने बायकोच्या. परत येतानाही तसेच. निदान न्यूमोनियाचे झाले. पुढे डॉक्टर पुन्हा यायला तयार झाला नाही आणि ती बाई मेली.

ही गोष्ट आपण अस्पृश्यतेची म्हणून वाचतो, आणि ती आहेच. पण त्यातल्या दोन रुपयांकडे पाहा. त्या पैशाला विटाळ नव्हता. फी वस्तीतून डॉक्टरच्या खिशापर्यंत गेली. डॉक्टरचा हात मात्र वस्तीतल्या बाईच्या कपाळापर्यंत आला नाही.

आज कायदा वेगळा आहे आणि आमच्या गावात येणारा डॉक्टरही बहुतेक वेळा वेगळा आहे. आम्ही दोन्ही काळ एकच आहेत असे म्हणत नाही. पण एक कसोटी तिथून घेतो: एखाद्या व्यवस्थेत आमच्याकडून पैसा किती सहज जातो आणि आमच्याकडे सेवा किती सहज येते, हे दोन्ही शेजारी ठेवून मोजा. मावशीच्या मोबाईलवर, तोही उसन्या, मागणी दोन दिवसांत पोहोचली. तिच्या हक्काची माहिती तीन दिवस खाटेशेजारी बसूनही पोहोचली नाही.

बिल भरण्याआधी विचारा: हे बिल लागतेच का?

राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालते. केंद्राची आयुष्मान योजना २३ सप्टेंबर २०१८ ची. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण. योजनेतल्या रुग्णालयात, योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी पात्र रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. उपचार योजनेत बसतो की नाही, हे सांगायला तिथे आरोग्यमित्र नेमलेला असतो. मग पोर्टल बनवणाऱ्याने ‘भरा’च्या आधी ‘तुमच्याकडे आयुष्मान कार्ड आहे का?’ एवढा एक प्रश्न का टाकू नये? ज्या यंत्रणेला आमचा मोबाईल क्रमांक सापडतो, तिला आमची पात्रता सापडत नाही?

आता सरकारी दवाखान्याचे पाहा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत उपचार मोफत झाले. चांगला निर्णय. पण वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्या निर्णयात आली नाहीत. आमच्या जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो? गोंदियात २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि केटीएस व बाई गंगाबाई ही जुनी रुग्णालये त्याला जोडली गेली. म्हणजे सडक अर्जुनीच्या ग्रामीण रुग्णालयाला तो निर्णय लागू आणि तिथून पुढे पाठवलेला रुग्ण गोंदियाला उतरला की विभाग बदलला. आजार तोच, रुग्ण तोच, सरकार तेच. रुग्णाला विभाग कळत नाहीत, त्याला खिडकी कळते. दोन विभागांच्या भांडणात ही खिडकी ऑनलाइन करून दिली म्हणजे न्याय झाला का?

खाजगी रुग्णालयांसाठीही नियम आहेत. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. भिंतीवर लावायची ती सनद मोबाईलच्या पडद्यावर का नाही? रुग्णालयाची भिंत जर आता मोबाईलमध्ये आली असेल, तर सनदही तिथेच आली पाहिजे.

दलाल गेला नाही

‘ऑनलाइनमुळे दलाल संपला’ असे सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ सांगते की देशात स्वतः वापरते असा मोबाईल असलेल्या स्त्रिया सुमारे ५४ टक्के, आणि कधीतरी इंटरनेट वापरलेल्या ३३ टक्के. उरलेल्या बायांनी बिल कसे भरायचे? नवऱ्याच्या, पोराच्या, शेजाऱ्याच्या मोबाईलवरून. म्हणजे तिचा आजार, तिची तपासणी, तिची उधारी, सगळे दुसऱ्याच्या हातात. सिकलसेलचा अहवाल शेजारच्या मोबाईलवर गेला की मुलीच्या सोयरिकीपर्यंत त्याचे काय होते, हे आमच्या वस्तीत समजावून सांगावे लागत नाही. आणि ज्याच्या खुर्चीसमोर बसून पैसे भरावे लागतात आणि वर १०० रुपये द्यावे लागतात, त्याला दलाल नाही तर काय म्हणायचे? त्या पोराचा राग नाही, तोही पोटासाठीच बसला आहे. राग या रचनेचा आहे, जिने त्याच्याशिवाय बाईला उभेच राहू दिले नाही.

काही ठिकाणी वर ‘सुविधा शुल्क’ही लावतात. यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क शून्य आहे. मग सुविधा कुणाची आणि शुल्क कुणाकडून? कुठे कुठे ‘रोख चालत नाही’ म्हणतात आणि आयकराचा धाक दाखवतात. तो नियम २ लाख आणि त्यावरच्या रोख रकमेसाठी आहे. ८,४०० रुपयांसाठी नाही.

हा प्रश्न आपला का आहे

२८ जुलै १९२८ ला मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी कामगार बाईच्या विश्रांतीचा संबंध राष्ट्राच्या हिताशी जोडला आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा असे मत मांडले. १९४२ ते ४६ या काळात ते मजूर खाते सांभाळत होते, तेव्हाच कामगार आरोग्य विम्यावरचा अडारकर अहवाल आला. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. म्हणजे आपल्या परंपरेत आजाराचे बिल ही एकट्या घराची खाजगी बाब कधीच नव्हती.

पण धानाच्या बांधीत रोवणी करणारी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारी मावशी त्या विमा कायद्यात बसत नाही. तिला कारखाना नाही, मालक नाही, हजेरीपत्रक नाही. आणि सिकलसेल आमच्या बौद्ध आणि गोंड घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. हा एकदाचा खर्च नाही, जन्मभराचा आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. कमी झाला हे मान्य. पण ३९ टक्के म्हणजे १०० रुपयांतले ३९ अजून कुणाच्या तरी कानातल्यांतून, बचत गटातून, धानाच्या पोत्यातून येतात.

मागण्या आणि काम

रुग्णालय सरकारी असो की खाजगी, पोर्टल चालवायचे तर आमच्या मागण्या या:

१. ‘भरा’च्या आधी बाबनिहाय बिल, मराठीत. आधी भरलेली रक्कम वेगळी दाखवा.
२. त्याआधी योजनेच्या पात्रतेचा प्रश्न आणि आरोग्यमित्राचा क्रमांक.
३. ‘हे बिल मान्य नाही’ असे बटण. ते दाबल्यावर लेखी उत्तर मिळेपर्यंत वसुली थांबवा.
४. रोखीची खिडकी सुरू ठेवा, पावतीसह. मोबाईल नाही, आभा नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका.
५. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही मोफत उपचार लागू करा.

आणि तरुणांनो, मागण्या लिहून आपले काम संपत नाही. प्रत्येक विहारात रविवारी एक टेबल टाका. ज्याच्या घरी बिल आले त्याचे रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड आणि बिल एकत्र पाहा. १५५३८८ आणि १४५५५ हे दोन क्रमांक विहाराच्या भिंतीवर रंगवा. भरण्याआधी बाबनिहाय बिल लेखी मागा. भरलेच तर व्यवहार क्रमांक वहीत लिहा. पिन कुणालाही सांगू नका, आम्हालाही नाही.

मावशीचे काय झाले? आम्ही त्या दिवशी बटण दाबू दिले नाही. अर्ज लिहिला, बाबनिहाय बिल मागितले. तीन फेऱ्या झाल्या. बिल हाती आले तेव्हा एकच तपासणी दोनदा लावलेली निघाली. १,८५० रुपये कमी झाले. कार्ड का मागितले नाही, या अर्जाला अजून उत्तर नाही. त्याचा पाठपुरावा सुरू आहे.

१,८५० रुपये म्हणजे मोठा विजय नाही. पण मावशी आता दुसऱ्या बायांना घेऊन टेबलाशी येते. बिल पुढे ठेवते आणि आमच्याआधी तीच विचारते, हे कायचे पैसे आहेत?

जय भीम! जय संविधान!