देवाला आवडली

दिवाळीचा अंक हाती घ्यावा, शेजारी फराळाचे ताट असावे, आणि पहिल्याच ओळीत मरणाची गोष्ट निघावी, हे काही शुभ लक्षण नव्हे. वाचकहो, म्हणून आधीच क्षमा मागून ठेवतो. परंतु ज्या पहाटे आपण उटणे लावून, पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडून ‘नरकासुर मेला’ असे पोरांना सांगतो, त्याच पहाटे आपल्याच आळीतल्या एखाद्या घरापुढे पणती लागलेली नसते. अशाच एका घरी मी एक वाक्य बोलून बसलो. त्या वाक्याचा झाडा मला आज द्यायचा आहे.

मी आष्ट्याचा. शिक्षण मॅट्रिकपुरते. दिवसा पोरांना शिकवतो आणि रात्री कादंबऱ्यांचे कागद काळे करतो. तत्त्वज्ञानातले माझे वाचन बेताचेच. तेव्हा जगात दुःख आहे म्हणून देव नाही, की दुःख असूनही देव आहे, या वादात पडण्याचा मला अधिकार नाही, असे कोणी म्हणेल. ते मला मान्य आहे. पण हा वाद काही मी शोधत गेलो नव्हतो. तो माझ्या वर्गातल्या तिसऱ्या बाकावरून उठला.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आणि वारणा यांना आलेला पूर या भागातला माणूस विसरणार नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला पुरातून माणसे बाहेर काढणारी नाव उलटली आणि एका गावची कितीतरी माणसे डोळ्यांदेखत गेली. नदीकाठची माणसे जनावरे हाकत, गाठोडी सांभाळत जिथे कोरडी जमीन दिसेल तिथे येत होती. आमच्या गावाकडेही आली. कोणी शाळेत राहिली, कोणी पाहुण्यांकडे.

माझ्या वर्गातल्या, चौथीतल्या एका मुलीच्या घरी असेच पाहुणे आले. घर मळ्यातले, दोन खोल्यांचे. घरात खाट एकच. तीवर ही मुलगी आपल्या आजीशेजारी झोपायची. पाहुण्यांत एक म्हातारी होती. मुलीने आपली जागा तिला दिली आणि स्वतः खाली वाकळ टाकून झोपली. तिला कोणी सांगितले नव्हते. पहाटे ती उठली आणि पोटात दुखते म्हणाली. मग तिच्या पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळू लागले. मण्यार चावली होती. पुराच्या पाण्याने बिळांतून उठवलेले साप उंचावर येतात, माणसांप्रमाणेच आसरा शोधतात. मण्यारीचा दंश पुष्कळदा झोपेत कळतही नाही. दवाखान्याच्या वाटेवरच सगळे संपले.

मी भेटायला गेलो. मुलीची आई भिंतीला टेकून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “गुरुजी, तुमी साळा शिकिवता. माझ्या पोरीनं काय केलं हुतं, तेवढं सांगा.”

मी म्हणालो, “अक्का, देवाला आवडली ती.”

ती शांतपणे म्हणाली, “मलाबी आवडत हुती की, गुरुजी.”

त्यानंतर मी बोललो नाही. घरी येताना मात्र मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत होतो की मी चुकीचे काय बोललो? आपण सगळे हेच बोलतो. आजीने आईला सांगितले, आईने आपल्याला सांगितले. पण त्या बाईने चार शब्दांत ते वाक्य उघडे पाडले. एखाद्याला दुसऱ्याचे लेकरू आवडले म्हणून त्याने ते उचलून न्यावे, या कृत्याला आपण माणसांच्या जगात काय म्हणतो? देवाचा मान राखायला मी गेलो, आणि देवावर असा आरोप करून आलो, की जो गावच्या गुंडावरही करताना मी दहादा विचार केला असता.

दहाव्याच्या दिवशी जमलेल्या मंडळींत एकाने दुसरे उत्तर दिले. “प्रारब्ध! मागल्या जन्मीचे कुठे चुकते?” माना हलल्या. हे उत्तर मोठे सोयीचे आहे. त्याने देव सुटतो, आपण सुटतो, आणि अडकते ती एकटी नऊ वर्षांची पोर. मी मास्तर आहे, म्हणून मास्तरच्या भाषेत विचारतो. उद्या मी एका मुलाला छड्या मारल्या, आणि त्याने “गुरुजी, मी काय केले?” असे विचारल्यावर म्हणालो, “तू दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या नावाने होतास, तेव्हा खोडी केली होतीस. तुला आठवत नाही, पण माझ्या वहीत आहे. वही मात्र दाखवणार नाही,” तर तुम्ही पालक मला गावात राहू द्याल का? ज्या शिक्षेचा अपराध अपराध्याला ठाऊक नाही, तिच्याने कोणी सुधारत नाही. जो न्याय चौथीच्या मास्तराला शोभत नाही, तो जगन्नियंत्याला कसा शोभतो?

आणि हे उत्तर नुसते चुकीचे असते तर मी एवढा चिडलो नसतो. ते घातक आहे, आणि याचा दाखला दूर शोधायला नको. संत चोखामेळा मंगळवेढ्याचे. विठ्ठलाचा एवढा मोठा भक्त, पण देवळाची पायरी चढण्याची त्याला बंदी. आपल्या वाट्याला हा जन्म का आला, याचे उत्तर त्याच्या नावावरचा एक अभंग असे देतो की पूर्वजन्मी आपल्या हातून कृष्णाची निंदा घडली होती. म्हणजे ज्याला लाथाडले, त्याच्याच मुखी लाथाडणाऱ्याची सफाई! पुढे इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याच्या कामावर भिंत कोसळून तो गाडला गेला. नामदेवांनी त्याच्या अस्थी आणून पंढरीच्या महाद्वारासमोर समाधी बांधली. तीही दाराच्या बाहेरच.

चोखोबाचा मुलगा कर्ममेळा. त्याचेही अभंग आहेत, पण त्याचा सूर बापासारखा नाही. हा असला जन्म आम्हांला तू का दिलास, आम्हांला उष्टेच का, असे तो देवालाच विचारतो. वाचकहो, बाप-लेकांच्या या दोन सुरांत माझा सगळा वाद सामावलेला आहे. बापाने दुःखाचे कारण मान्य केले, लेकाने ते नाकारून प्रश्न उभा ठेवला. पुढची सहाशे वर्षे गावाने बापाचे उत्तर सोयीने उचलले, कारण त्याने दार बंद ठेवता येत होते. शेवटी ते दार उघडले ते कोणाचे प्रारब्ध सरले म्हणून नव्हे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी नावाचा एक शिक्षक पंढरपुरात दहा दिवस उपाशी बसला, तेव्हा ते उघडले. कारण सांगून शांत झालेला माणूस दार ठोठावीत नाही. ज्याचा प्रश्न जिवंत असतो, तोच ठोठावतो.

थोरामोठ्यांचीही या बाबतीत चूक झाली आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारात मोठा भूकंप झाला, हजारो माणसे मेली. तेव्हा गांधीजींनी म्हटले की ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा आहे. हेतू किती शुद्ध! परंतु रवींद्रनाथ ठाकुरांना राहवले नाही. ज्यांना ते महात्मा मानीत, त्यांनाच त्यांनी जाहीरपणे विरोध केला. गांधीजींचे मोठेपण असे, की तो विरोध त्यांनी आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापला. रवींद्रनाथ काही नास्तिक नव्हते. सृष्टीचे उत्पात आणि माणसाचे पापपुण्य यांची अशी मोट बांधू नये, एवढेच त्यांचे म्हणणे. आणि साधी गोष्ट पाहा. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांच्याही झोपड्या त्या भूकंपात पडल्याच की!

कोणी म्हणतील, “दुःख ही परीक्षा आहे.” वीस वर्षे मी प्रश्नपत्रिका काढतो आहे. परीक्षेत परीक्षार्थीच मरतो, अशी परीक्षा मी पाहिली नाही. “परीक्षा मुलीची नव्हे, आईची,” असे म्हणाल, तर आईला धडा शिकवण्यासाठी लेकराचा खडू करणारा हा कोण मास्तर?

कोणी म्हणतील, “दुःख माणसेच निर्माण करतात, देवाने त्यांना स्वातंत्र्य दिले आहे.” यातले निम्मे मला मान्य आहे, किंबहुना निम्म्याहून अधिक. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीच्या डोंगरावर चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे भाविक मेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून थकून झोपलेल्या किल्लारीच्या माणसांवर दगडमातीच्या जाड भिंती पडल्या. अरुंद वाट, कच्ची भिंत, भरलेली नाव ही माणसाची जबाबदारी. तिचे खापर देवावर फोडणे हा पळपुटेपणा आहे. पण जमीन हलली ती माणसाने हलवली नव्हती. मण्यारीच्या दातात विष माणसाने भरले नव्हते. तो हिशेब उरतोच. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक खेड्यांतली, जमिनीवर निजणारी, शेतात राबणारी. आमच्या शेजारचे बत्तीस शिराळे नागपंचमीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. आम्ही सापालाही देव मानणारी माणसे. त्या भक्तीची सापाने काही दखल घेतल्याचे दिसत नाही.

तर मग माझा निकाल काय? दुःख हा देवावरच्या विश्वासाविरुद्धचा पुरावा आहे का? माझे उत्तर स्पष्ट आहे. होय, आहे. तो खरा आणि जड पुरावा आहे. आमच्या जिल्ह्याशेजारच्या टेंभूत जन्मलेले आगरकर ज्या निर्भयतेने असल्या प्रश्नांना भिडले, तिच्यापुढे मी मान लववतो. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बन शहर भूकंपाने कोसळले आणि प्रार्थनेला बसलेली माणसे देवळांखाली गाडली गेली, तेव्हा सगळ्या युरोपाने हा प्रश्न विचारला. तो विचारणाऱ्यांना पाखंडी म्हणून गप्प करणे हे श्रद्धेचे नव्हे, भीतीचे लक्षण आहे.

माझे एक तर्कनिष्ठ मित्र आहेत. ते म्हणतात, “मग सोडून द्या देव! दूर करू शकत नसेल तर तो समर्थ नाही, करू इच्छित नसेल तर दयाळू नाही.” या तर्काला मजजवळ उत्तर नाही, हे मी कबूल करतो. पण मित्राला माझी एक विनंती असते. त्या मुलीला वादातला मुद्दा करायचे असेल, तर आधी तिच्या आईच्या घरी पाच मिनिटे बसून या. मेलेल्या लेकराचा उपयोग देवाच्या वकिलाने करू नये, तसा विरोधी वकिलानेही करू नये.

त्या आईने काय केले ते ऐका. सुतक फिटल्यावर घरच्यांनी देव उजळून देव्हाऱ्यात मांडले. तिने देव्हाऱ्याचे दार लावून घेतले. दोन वर्षे ते लावलेलेच होते. पुढे करोनाने पायी वारीही दोन वर्षे बंद राहिली. २०२२ ला वारी पुन्हा निघाली, तेव्हा ही बाई दिंडीत दिसली. मला नवल वाटले. विचारले, “अक्का, राग गेला म्हणायचा?”

“कशाचा जातोय! भांडायलाच निघाली. घरात बसून कुणासंगं भांडू?”

मला त्या क्षणी नामदेव, जनाबाई, कर्ममेळा सगळे आठवले. आमच्या संतांनी देवाला सफाईचा वकील दिला नाही. त्याच्या तोंडावर त्याला निष्ठुर म्हटले, त्याच्याशी अबोला धरला, भांडण काढले. तुकोबांनी दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा गमावला. अन्नान्न करीत गेलेल्या त्या दोघांनी काही पाप केले होते, असे म्हणून ते मोकळे झाले नाहीत. लोकांकडची येणी असलेले कागद मात्र त्यांनी इंद्रायणीत बुडवले, अशी कथा आहे. दुसऱ्याच्या दुःखावरचा आपला हक्क तेवढा बुडवला! श्रद्धा ठेवायची असेल तर अशी ठेवा. देवावरचा आरोप वहीत तसाच राहू द्या. तो खोडायला मागच्या जन्मीची शाई वापरू नका. आणि श्रद्धा नसेल तरी हरकत नाही. पुरावा दडपणारा भक्त आणि पुरावा मिरवणारा अभक्त यांच्यापेक्षा, पुरावा पाहून ज्याला रात्री झोप लागत नाही तो मला जवळचा वाटतो, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

त्या रात्रीच्या न लागलेल्या झोपेतून माझ्या हातून फार काही झाले नाही. दर जूनला मी वर्गात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांची चित्रे फळ्यावर काढतो. जमिनीवर झोपू नका, झोपावेच लागले तर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा, चावलेच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठा, हे पाठ करून घेतो. घोड्याच्या रक्तापासून काढलेली, मुंबईच्या हाफकिन संस्थेने बनवलेली लस या चारही विषांवर चालते. ती शोधणाऱ्यांनी ‘प्रारब्ध’ म्हणून हात जोडले असते तर ती बाटली आज दवाखान्यात नसती.

गेल्या दिवाळीत पाडव्याला त्या घरी गेलो. दारात एकच पणती होती. अक्काने विचारले, “गुरुजी, सापडलं का उत्तर?”

“नाही, अक्का.”

“बरं झालं,” ती म्हणाली, “बसा, च्या टाकते.”

मी बसलो. त्या घरात प्रथमच मी काही न बोलता बराच वेळ बसलो.