आधी विचारा, मग सांगा

बंगळुरूत राहणाऱ्या आपल्या मराठी माणसांना एक कळकळीची विनंती आहे. आपली श्रद्धा दुसऱ्याला जरूर सांगा. फक्त त्याआधी समोरच्याला ‘नको’ म्हणता येईल का, आणि तसं म्हटल्यावर त्याचं काही बिघडणार नाही ना, एवढं बघा.

या शहरात आपले बरेचसे संबंध गरजेतून जुळलेले असतात. पीजीची मालकीण, फ्लॅटचा मालक, कंपनीतला मॅनेजर, घरी स्वयंपाकाला येणारी बाई. मॅनेजरने टीमला सत्संगाला बोलावलं, तर येणारे सगळे भक्तीपोटी येतात असं समजू नका. काहींच्या मनात पगारवाढीची चिंता असते. स्वयंपाकाच्या बाईला तुम्ही पोथी ऐकवा की प्रार्थनेला बसवा, ती मान डोलावणारच, कारण उद्या तिला कामावर यायचं असतं. आणि आजारी माणसाच्या उशाशी बसून ‘आमच्या देवाला मान, बरा होशील’ असं सांगणं मला निव्वळ क्रूर वाटतं. त्या बिचाऱ्याला उठून जाताही येत नाही.

हा पेच जुना आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवांना आसरा आणि शिक्षण देणारं शारदा सदन काढलं आणि पुढे ते पुण्यात नेलं. बाई ख्रिस्ती झालेल्या होत्या, पण सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि काही मुली आपणहून तिथे येऊन बसत. यावरून 1893 मध्ये वाद पेटला, सुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक मुलींना घरच्यांनी काढून नेलं. रमाबाईंनी जबरदस्ती केली असं मला वाटत नाही. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. तरीही जिच्या डोक्यावर दुसरं छप्परच नाही, अशा बालविधवेची मर्जी किती मोकळी, हे ओळखणं आसरा देणाऱ्याला सगळ्यांत कठीण जातं. आणि मुलींना काढून नेणारे तरी वेगळं काय करत होते? त्या सगळ्या गदारोळात मुलींचा स्वतःचा आवाज फारसा ऐकूच येत नाही.

राज्यघटनेच्या 25व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितलं. कर्नाटकात 2022 मध्ये धर्मांतराविरुद्ध कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. ही रस्सीखेच चालत राहील. पण ऑफिसातलं आणि स्वयंपाकघरातलं दडपण कुठलाच कायदा मोजू शकत नाही. ते आपल्यालाच ओळखावं लागेल.

आवाजाचं मात्र मोजमाप आहे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे. वर्षातले मोजके दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, तेवढीच. निवासी वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबलची आहे. दुसऱ्यांच्या भोंग्याबद्दल तक्रार करण्याआधी आपल्या गणपतीचा स्पीकर उतरवूया.

आता उलट बाजू. कुणी दारात पत्रक घेऊन आलं, तर ‘आम्हाला नको, पुन्हा येऊ नका’ एवढं स्पष्ट सांगा. पुन्हापुन्हा येऊन त्रास दिला तर पोलीस आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर हाक देऊन चार पोरं जमवू नका. 2008 च्या सप्टेंबरमध्ये मंगळूर आणि आसपासच्या चर्चवर हल्ले झाले, तेव्हाही धर्मांतराचंच कारण पुढे केलं होतं. कुणाच्या घरातली शांत प्रार्थना जमावाने बंद पाडणं हीसुद्धा जबरदस्तीच, आणि ती जास्त भयंकर आहे.

सुरुवात सोसायटीच्या पुढच्या मीटिंगपासून करता येईल. पूजेची वर्गणी मेंटेनन्सच्या बिलात लावू नका, वेगळी पेटी ठेवा. आणि कुणी किती दिले याची यादी लिफ्टशेजारी चिकटवू नका.