दगडूला पळवू नका!

सकाळच्या गाडीत कधी लोकांच्या कानांकडे बघितलंय? वर्धा-नागपूर अप-डाऊन करणारी पब्लिक असो, नाहीतर ठाण्याहून सीएसएमटी गाठणारी, प्रत्येकाच्या कानात काही ना काही खुपसलेलं असतंच. एकाच्या कानात अरिजित, दुसरीच्या कानात शेअर मार्केटचा पॉडकास्ट. तिसऱ्याच्या कानात काहीच वाजत नसतं. शेजारच्या काकांनी ‘कुठे असता नोकरीला?’ विचारू नये, एवढ्यासाठीच इयरबड्स लावलेले. (हा तिसरा प्रकार तुम्हीच ना? कळलं!)

गेल्या काही वर्षांत यात एक चौथा प्रकार आलाय. पुस्तक ऐकणाऱ्यांचा. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आलं, सोबत मराठी पुस्तकंही आली आणि ‘वाचायला वेळ कुठाय यार’ म्हणणारी आपली जनता एकदम कादंबऱ्यांवर गप्पा मारायला लागली. छानच आहे की! भांडी घासताना भालचंद्र नेमाडे आणि ट्रॅफिकमध्ये ‘मृत्युंजय’, वाईट काय त्यात?

आमचा एक मित्र या चौथ्या जमातीतला. पण त्याचं ऑडिओबुक एकदम एक्स्क्लुझिव्ह आहे, कारण ते घरी बनतं. मित्र सिंदी (रेल्वे)चा. म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्याचं, नावातच रेल्वे घेऊन फिरणारं गाव. वर्ध्याला खेटून सिंदी (मेघे) आहे, तिच्याशी गल्लत होऊ नये म्हणून ही कंसातली रेल्वे भलतीच कामी येते. साहेब रोज नागपूरला ऑफिसला जातात. गाडीत वाचायला घेतलं की डोकं धरतं. यावर त्याच्या ताईने उपाय काढला. ती गावातच शाळेत शिकवते. रात्री जेवणं आटोपली की पंधरा-वीस मिनिटं पुस्तक मोठ्याने वाचते, फोनवर रेकॉर्ड करते आणि भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. दुसऱ्या दिवशी सिंदी सुटली की याच्या कानात ताई सुरू.

यंदा पावसाळ्यात ताईने हातात घेतलं ‘बलुतं’.

तर भेटा दगडूला. नाही, ‘टाइमपास’मधला नव्हे! हा दगडू मारुती पवार. हेच दया पवारांचं खरं नाव. १९३५ साली जन्मलेल्या, कारकुनी करत कविता लिहिणाऱ्या या माणसाने १९७८ मध्ये आपलं आयुष्य ‘बलुतं’ नावाने लिहिलं, ‘ग्रंथाली’ने ते छापलं आणि मराठी वाचकाची झोप उडाली. त्याच्या लहानपणाची एक बाजू म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं धामणगाव, तिथला महारवाडा. दुसरी बाजू म्हणजे मुंबईत नागपाड्याजवळचा कावाखाना. एकेका अंधाऱ्या खोलीत दोन-तीन बिऱ्हाडं आणि मध्ये लाकडी खोक्यांच्या फळ्यांचं पार्टिशन. पुरुष हमालीला नाहीतर गिरणीत. बायका शहरभर फिरून चिंध्या, कागद, काचा, लोखंड वेचणार आणि रात्री बसून ते निवडणार. यातच शाळा, यातच अभ्यास, यातच दारू पिणारा बाप आणि राबणारी आई.

आता या पुस्तकाची गंमत ऐका. रूढ अर्थाने ही कादंबरी नाही, आत्मकथन आहे. पण त्याची रचना एखाद्या कादंबरीलाही सुचणार नाही अशी आहे. त्यात दगडू बोलतो आणि दया पवार ऐकतो. म्हणजे शिकलेला, नोकरीला लागलेला, चार लोकांत ऊठबस असलेला माणूस समोर बसलाय आणि त्याचंच जुनं नाव, जुनं आयुष्य त्याला सगळं सांगतंय. इयरबड्स जन्माला येण्याच्या कितीतरी आधी हे पुस्तक कानांसाठी लिहिलं गेलं होतं, असंच म्हणा ना!

आमच्या मित्राने काय केलं? आपण सगळे करतो तेच. व्हॉइस मेसेज पळवायची सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्येच दिलीय. याने पहिल्याच दिवशी ताईला दुप्पट स्पीडवर टाकलं. बुटीबोरी यायच्या आत वीस मिनिटांचं दहा मिनिटांत खल्लास! संध्याकाळी घरी जाऊन मोठ्या रुबाबात सांगितलं, तर ताई उखडलीच. ‘मी इथं गळा सुकवून वाचून रायली, अन् तू पळवून ऐकून रायला का रे?’

ताईचा मुद्दा बिनतोड आहे. हिशोबच करायचा तर आठ तासांचं पुस्तक दीडपट स्पीडवर पाच तास वीस मिनिटांत संपतं. दोन तास चाळीस मिनिटं वाचली. पण गेलं काय? शब्द सगळे ऐकू आले, गोष्टही कळली. गेल्या त्या मधल्या जागा. वाचणारी एखाद्या वाक्यापाशी अडखळते, पाणी पिते, पुढचं वाक्य जरा हळू म्हणते. या पुस्तकात अडखळावं असं खूप आहे. डोळ्यांनी वाचताना आपण हुशारीने नकोसा परिच्छेद ओलांडून पुढे जातो. कानाला ती सोय नाही. सांगणारा जेवढा वेळ त्या खोलीत थांबवेल, तेवढा वेळ थांबावं लागतं. गरिबीबद्दल बाकी काही नाही तरी एवढं आपल्याला माहीत असतं, की ती पटकन संपत नाही. मग ती दुप्पट स्पीडवर ऐकून आपण नेमकं काय ऐकतो?

आणि एक सांगू? आपल्याला गरिबी आवडते, फक्त ती संपलेली हवी. चाळीत वाढला, दिव्याखाली शिकला, आज सीईओ आहे, टाळ्या! असले व्हिडिओ सोमवारी सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर पडतात आणि त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. ‘बलुतं’ हे असलं मोटिव्हेशन देत नाही. दगडू शिकतो, नोकरीला लागतो, कवी होतो, तरी टाळीची जागा काही येत नाही. बलुतं म्हणजे गावकीची कामं करणाऱ्यांना सुगीला मिळणारा धान्याचा वाटा. आपल्या वाट्याला काय आलं, याचा हिशोब तो मांडत बसतो. त्यात जात आहे, लाज आहे, राग आहे आणि सुटून आल्याची बोचही आहे. ही बोच ओळखीची वाटते की नाही? गावचं बोलणं गाडीत ठेवून ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरणारे आपल्यात कमी नाहीत. आमचा मित्रच घ्या. सिंदीत ‘मले’, ‘तुले’ करणारा हा पठ्ठ्या मीटिंगमध्ये असं काही बोलतो, की ताईने ओळखूच नये!

म्हणूनच ताईचं रेकॉर्डिंग भारी आहे. स्टुडिओतले आवाज उत्तम असतात, पण कधी कधी त्यांना जरा जास्तच इस्त्री असते. ताईच्या वाचनात मागे कुकरची शिट्टी आहे, कुत्रं आहे, धडधडत जाणारी मालगाडी आहे. दगडूची भाषा नगरकडची, ताईची जीभ वऱ्हाडी, तरी बिघडत काहीच नाही. उलट कावाखाना एकदम शेजारच्या गल्लीत येऊन बसतो.

तसं बघितलं तर आपल्याकडे शहरातली गरिबी आधी ऐकली गेली, मग वाचली गेली. सांगलीकडच्या वाटेगावहून लहानपणी मुंबईला चालत आलेले अण्णा भाऊ साठे शाहीर म्हणून कामगारवस्तीत गाजले. कथा-कादंबऱ्या लिहून नाव झालं, तरी ते घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीतच राहिले. १९६३ मध्ये दोन पुस्तकं आली. झोपडपट्टीत वाढणाऱ्या बेन्वाची आणि त्याच्या अम्माची गोष्ट सांगणारी जयवंत दळवींची ‘चक्र’ आणि बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा कथासंग्रह. दळवी त्या वस्तीकडे बाहेरून बघत होते. बागुल लहानपणीच माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहायला आले होते. ‘चक्र’वरचा सिनेमा १९८१ मध्ये आला आणि त्यातल्या अम्मासाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे क्विझवाल्यांना पाठ असेल. आमच्या विदर्भाला हे सगळं पडद्यावर ऐकायला मिळालं ते मात्र थेट २०२२ मध्ये. नागपूरच्या वस्तीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसेंवरून नागराज मंजुळेंनी ‘झुंड’ केला, तेव्हा. अमिताभ होताच, पण आपल्या पब्लिकने शिट्ट्या मारल्या त्या पोरांच्या नागपुरी बोलण्यावर.

आता नागपूर निघालंच आहे तर रुळांची थोडी हिस्ट्री. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. दहा वर्षांनी, १८७७ मध्ये, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तिथे सुरू झाली. या पट्ट्यातून आधी कापूस गेला, मागोमाग माणसं गेली, आता लॅपटॉपच्या बॅगा जातात. मिलच्या जागेवर सध्या एम्प्रेस मॉल उभा आहे. मल्टिप्लेक्स, फूड कोर्ट, सेल, सगळं आहे. आमच्या मित्राने पहिल्या पगाराचे बूट तिथूनच घेतले होते.

आपले आजोबा मिलमध्ये होते, एवढं त्याला माहीत होतं. म्हणजे फॅमिली ट्रिव्हिया म्हणून. मिलची घरघर लागली तसं कुटुंब सिंदीला परत आलं, बाबांनी छोटं दुकान टाकलं, स्टोरी ओव्हर. बाबा नागपूरच्या दिवसांबद्दल कधी बोलले नाहीत आणि कुणी विचारलंही नाही.

एके दिवशी हा गाडीत बसला, ताई सुरू झाली. कावाखान्यातल्या त्या खोल्या, ती बिऱ्हाडं, ते फळ्यांचं पार्टिशन. आणि अचानक रेकॉर्डिंगमध्ये मागून बाबांचा आवाज. रोज रात्री नऊला झोपणारे बाबा पलीकडच्या खोलीत जागे राहून पुस्तक ऐकत होते, हे ताईलाही ठाऊक नव्हतं.

‘थांब बाई जराशी. आमच्या इथं फळ्या नव्हत्या. मधात मायचं लुगडं बांधलं होतं. तिकडून कोणी खोकललं का इकडे झोप उडे.’

ताई शहाणी. तिने रेकॉर्डिंग बंद केलं नाही. पुढची अकरा मिनिटं पुस्तक नाहीच, फक्त बाबा. मिलच्या भोंग्यावर चालणारं घर. नळावर नंबर लावायला पहाटे उठणारा सात वर्षांचा मुलगा. बापाचा डबा घेऊन मिलच्या गेटपर्यंत पळणं. पावसात भिंतीकडेला खाटेवर रचून ठेवलेली वह्या-पुस्तकं. मग एकदा भोंगा वाजायचा बंद झाला आणि सकाळी कुणाला उठवायचंच राहिलं नाही, ते दिवस. हे सगळं बाबा अगदी सपाट आवाजात सांगतात. शेवटी म्हणतात, ‘वाच आता पुढचं. त्या पोराचं काय झालं मंग?’

ते रेकॉर्डिंग मित्राने कुणाला फॉरवर्ड केलं नाही. मला ऐकवलं, तेही एक इयरबड माझ्याकडे देऊन. स्पीडच्या बटणाला त्याने हात लावला नाही, हे मी बघितलं. ‘यार, मी त्या मॉलमध्ये कितीदा गेलो,’ एवढंच म्हणाला. त्यानंतर ताईचं वाचन रोज बाहेरच्या खोलीत होतं. पुस्तक नेहमीपेक्षा फारच हळू सरकतंय, कारण दर दोन पानांनी बाबांचं काहीतरी असतंच. ताईने ठरवूनच टाकलंय, बाबा बोलायला लागले की पुस्तक मिटायचं.

मोठ्या आवाजात वाचलेल्या पुस्तकाची हीच तर मजा आहे. डोळ्यांनी वाचताना पुस्तक आणि आपण, दोघंच. आवाज मात्र भिंतीपलीकडे जातो आणि तिथे कोण जागं असेल, काही सांगता येत नाही. दया पवार १९९६ मध्ये गेले. नागपाड्याच्या अंधाऱ्या खोलीतलं दगडूचं बोलणं सिंदीतल्या एका दुकानदाराचं तोंड उघडेल, हे त्यांना कुठून माहीत असणार?

तर दोस्तहो, या आठवड्याचा होमवर्क. एक पुस्तक घ्या, ज्यात कुणीतरी खोलीच्या एका कोपऱ्यात वाढलंय. अ‍ॅपवर ऐका, ताईकडून ऐका, नाहीतर स्वतःच घरच्यांना वाचून दाखवा. स्पीड एकच्या वर न्यायचा नाही. ऑफिसच्या ग्रुपवर त्याचा मोटिव्हेशनल कोट करून टाकायचा नाही. आणि घरातलं कुणी मध्येच ‘थांब जरा’ म्हणालं, तर पॉज पुस्तकाला द्यायचा, माणसाला नाही.